रोजची दहा मिनिटं

"बिरू, खाली ये. गाडी उघडत नाहीये."

मी दुकानाच्या पत्र्यावर होतो. आदल्या संध्याकाळच्या अवकाळीनं खरसुळं गावाची पार चाळण केली होती. माझ्या दुकानाचे दोन पत्रे उडून समोरच्या शेतात पडले होते आणि उरलेल्यांवर मी दगड रचत होतो.

"कुणाची गाडी?" मी वरूनच विचारलं.

"आमची."

तेव्हा मान वळवली. उरुणकर साहेबांची बायको. साडीचा काठ काट्यांनी फाटलेला, पाय घोट्यापर्यंत चिखलात, हातात गाडीची चावी. त्यांचा बंगला फाट्याच्या पलीकडं, किलोमीटरभर लांब. मधल्या रस्त्यावर तीन झाडं आडवी पडलेली. साठी ओलांडलेली ही बाई ती झाडं चढून-उतरून आली होती.

"काकू, आज गाडी उघडून जाणार कुठं? घाट बंद आहे. दोन्हीकडनं वड पडल्यात."

"जायचं नाहीये रे. साहेबांचा ऑक्सिजन संपत आलाय."

मग एका दमात त्यांनी सांगितलं. साहेबांची फुप्फुसं निकामी झालेली. दिवाळीपासून घरात एक मशीन होतं, हवेतून ऑक्सिजन ओढून नळीनं नाकात सोडणारं. ते विजेवर चालतं. वीज काल संध्याकाळी सहाला गेली. घरचा इन्व्हर्टर काही तास चालला, मग सिलिंडर लावला. आता त्याचा काटा लाल पट्ट्यात आला होता. रुग्णवाहिका घाटाच्या पलीकडं अडकलेली. झाडं कापून वाट व्हायला संध्याकाळ होणार.

"आणि गाडीचं काय?"

त्यांनी ब्लाऊजमधून एक चिठ्ठी काढली. साहेबांना बोलायला दम पुरत नव्हता, म्हणून ते लिहायचे. ती वर माझ्या हातात देणं शक्य नव्हतं. काकूंनी खालूनच वाचली : "मशीन गाडीवर चालेल. छोटी बॅटरी गेली आहे. बिरूला बोलाव."

बिरू म्हणजे मी. बिरू कोळेकर, बिरोबा ऑटो इलेक्ट्रिक. माझं नाव त्या माणसाच्या हातून याआधी एकदाच लिहिलं गेलं होतं, ते पंचनाम्यात.

खोटं कशाला सांगू, मी पत्र्यावरच थांबलो. उरुणकर साहेब वीज खात्यात इंजिनियर होते. मी दुकान टाकलं तेव्हा मीटरचा अर्ज सहा महिने पडून होता, म्हणून तारेवर आकडा टाकला. सगळा फाटा टाकायचा. साहेबांनी माझा धरला. माझा बाप त्यांच्या ऑफिसच्या पायरीवर दिवसभर हात जोडून बसला. संध्याकाळी साहेब बाहेर आले, बापाला पाणी दिलं आणि म्हणाले, "कायदा सगळ्यांना एकच आहे." सात महिने दुकानात अंधार. दिवसाउजेडी काम करायचं, दिवस मावळला की बॅटरीवर एक बल्ब. कोणती बॅटरी किती तास टिकते, कोणती दगा देते, हे मी त्या सात महिन्यांत शिकलो. शिकवायला कुणी नव्हतं. त्या माणसाचा मला राग होता, आणि तो मी जपून ठेवला होता.

"किती वेळ पुरंल सिलिंडर?" मी विचारलं.

"दोन तास. ते दोन म्हणाले म्हणजे दोनच."

मी खाली उतरलो.

दुकानात एक चार्ज केलेली बॅटरी होती, छोट्या गाडीची, वायर आवळायच्या बारीक खुंट्यांची. मीटर लावला, बारा पॉइंट सहा व्होल्ट. उत्तम. खांद्यावर घेतली, पाने-पक्कड पिशवीत टाकली आणि निघालो. तीन झाडं पार करताना काकू माझ्यापुढं होत्या.

बंगल्याच्या पोर्चमध्ये पांढरी गाडी उभी. तिची पाठ खिडकीकडं. खिडकीच्या आत खाटेवर साहेब, तीन उशांना टेकून बसलेले. पूर्वीचा धिप्पाड माणूस, आता नुसता सांगाडा आणि नाकात नळी. मला बघून त्यांनी बोट उचललं आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. नमस्कार नाही, काही नाही. मला वाटलं, मरायला टेकला तरी साहेब तो साहेबच.

असल्या गाडीत मी कधी हात घातला नव्हता. पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी. गावात लोक म्हणायचे, इंजिनियरनं आवाज नसलेली गाडी घेतलीय, रात्री कुत्रंसुद्धा भुंकत नाही. चावीच्या पोटातून एक लोखंडी किल्ली निघते, तेवढं मला माहीत होतं. तिनं दार उघडलं. आत सगळं मेलेलं. दिवा नाही, आवाज नाही. मागची डिकी विजेवर उघडणारी, म्हणजे ती बंद. मागची सीट पाडून घुशीसारखा आत सरपटत गेलो, तेव्हा उजव्या कोपऱ्यात, गालिच्याखाली ती बॅटरी सापडली. आपल्या जेवणाच्या डब्याएवढी. एक बारीक पाइप लावलेला, तिचा वायू गाडीबाहेर सोडायला. मीटर लावला.

चार व्होल्ट.

"काय आहे?" बाहेरून काकूंनी विचारलं.

"मेली, काकू."

त्यांनी एक चिठ्ठी आत दिली. साहेबांनी खिडकीच्या गजांतून दिलेली. सरकारी पत्रासारखी, आकडे टाकून. "१) नारंगी वायरला हात लावू नये. दोनशे व्होल्ट. २) आधी निगेटिव्ह सोडवावे. ३) घाई करू नये."

"साहेबांना सांगा, घड्याळ दाखवलं कुणी?" मी ओरडलो.

खिडकीतून खोकल्यासारखा आवाज आला. काकू म्हणाल्या, "हसले ते."

काम करता करता मला त्या गाडीची रचना कळत गेली. पोटात दोनशे व्होल्टची मोठी बॅटरी, तिच्या जाड नारंगी वायरी. गाडी ओढण्याइतकी ताकद तिथं भरून ठेवलेली. पण ती ताकद स्वतःहून एक दिवासुद्धा लावू शकत नाही. या डब्याएवढ्या बॅटरीनं आत एक खटका पाडला, तरच तिचं दार उघडणार. भरलेलं धरण, आणि दरवाजाचं चाक फिरवणारा माणूस खाली मरून पडलेला. तसं होतं ते.

माझी बॅटरी बसवली. निगेटिव्ह आवळलं. गाडीचे दिवे लागले. काकूंनी "लागली, लागली!" केलं. मी पुढं येऊन ब्रेकवर पाय ठेवला आणि बटण दाबलं. टक-टक-टक-टक. दिवे मिटमिटले, आणि सगळं परत मेलं.

पाच मिनिटं मी गाडीवर खापर फोडलं. काय बोललो ते लिहीत नाही. मग पुढची चिठ्ठी आली. त्यावर एकच ओळ होती.

"लोड टेस्ट केली का?"

डोक्यात सणक गेली. कारण केली नव्हती. फाट्यावरच्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला मी शिकवायचो की बाबा, मीटरवर भुलू नको. बॅटरीवर काही ओझं नसताना मेलेली बॅटरीसुद्धा बारा दाखवते. तिच्यावर काम टाकून बघ, मग खरं कळतं. आणि आज घाईत मी स्वतःच नुसत्या आकड्यावर भुललो होतो. पिशवीतून हेडलाइटचा बल्ब काढला, बॅटरीला जोडला, मीटर धरला. बारा पॉइंट सहा. अकरा. नऊ. सात. बल्ब पिवळा पडत गेला. आतल्या प्लेटा सडलेल्या होत्या.

खिडकीकडं बघायची मला लाज वाटली. बघितलं. साहेबांनी सिलिंडरचा काटा बघितला आणि एक बोट वर केलं. एक तास.

"काकू, माझ्या व्हॅनची बॅटरी घेऊन येतो."

"मी येऊ?"

"तुम्ही इथंच थांबा. त्यांच्यापाशी."

जाताना पळालो. येताना पळता आलं नाही. बॅटरी खांद्यावर, वाटेत तीन झाडं, आणि शेवटच्या झाडावर पाय घसरून गुडघा सोलला. पोर्चमध्ये पोचलो तेव्हा मलाच असा दम लागला होता की साहेब आतून माझ्याकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं, दोघंही तोंड उघडून. या वेळी आधी बल्ब लावला. पूर्ण एक मिनिट. बारा पॉइंट दोनवर आकडा रुतून बसला, हललाच नाही. मग मागं शिरलो, बॅटरी बसवली, मीटर तिथंच धरून आडवा पडून राहिलो.

"काकू, स्टिअरिंगवर बसा. रोज चालू करायचात ना? वाटेत म्हणालात मला."

"हो, रोज दहा मिनिटं. गुढीपाडव्यानंतर यांना चालवायला जमेना, तेव्हा म्हणाले, रोज दहा मिनिटं चालू ठेव, नाहीतर बॅटरी मरते. पंधरा दिवसांत एक दिवस चुकवला नाही मी."

"तशीच करा आता."

काकूंनी बटण दाबलं. परत दाबलं. सगळे दिवे लागले. "झाली चालू," त्या म्हणाल्या.

मी मीटर बघत होतो. गाडी खरंच चालू झाली की मोठी बॅटरी छोटीला भरायला लागते, आकडा चौदाच्या वर जातो. इथं आकडा उतरत होता. बारा. अकरा पॉइंट नऊ.

"ब्रेक?" मी विचारलं.

"कसला ब्रेक?"

मी उठून बसलो. डोकं छताला आपटलं. काकूंचे दोन्ही पाय जोडून, सीटच्या खाली घेतलेले होते. देवळात बसतात तसे.

ब्रेक दाबल्याशिवाय बटण दाबलं तर गाडी चालू होत नाही. नुसते दिवे लागतात आणि सगळे त्या छोट्या बॅटरीचं रक्त पितात. दुसरी कोणती गाडी असती तर इंजिनाच्या आवाजानं कळलं असतं. हिला आवाजच नाही. बॅटरी जगवायची म्हणून ही बाई पंधरा दिवस रोज दहा मिनिटं तिला मारत होती.

"काकू, तुम्ही—"

तेवढ्यात खिडकी दिसली. साहेबांनी हाताचा पंजा गजांना लावला होता. सपाट, घट्ट. आणि मान नाही म्हणून हलवत होते. त्या हलवण्यानं त्यांना धाप लागली, तरी थांबेनात.

"काय रे?" काकू म्हणाल्या.

"उतरा. मी बघतो."

मी बसलो. ब्रेक दाबला. बटण दाबलं. गाडीच्या पोटात कुठंतरी खोल एकच ठोका पडला, टक. समोर हिरवी अक्षरं उमटली. बास. ना धक्का, ना आवाज. मागं धावत जाऊन मीटर बघितला, चौदा पॉइंट दोन. मी कितीतरी इंजिनं चालू केली आहेत, धूर आणि कंप अंगात मुरलाय माझ्या. पण असं गपचूप काही जिवंत होताना मी तोवर पाहिलं नव्हतं. दोन क्षण डिकीच्या कडेला तसाच टेकून राहिलो.

मग हात भराभर चालले. आधी गाडी उलटी फिरवली, तोंड खिडकीकडं आणि धूर रस्त्याकडं. घरातला इन्व्हर्टर उचलून डिकीत आणला. त्याची रिकामी बॅटरी मधे ठेवली नाही, तिनंच सगळं पिऊन टाकलं असतं. इन्व्हर्टर सरळ गाडीच्या बॅटरीला जोडला, एक्स्टेन्शनची वायर खिडकीतून आत टाकली. मशीननं एकदा शीळ घातली, घरघरलं, आणि फुस्स करून पहिला श्वास सोडला. काकूंनी नळी सिलिंडरवरून काढून मशीनला लावली. सिलिंडरचा काटा तेव्हा शून्याच्या खिळ्याला टेकला होता.

थोड्या वेळानं बाहेर गाडीचं इंजिन आपोआप लागलं. कुणी हात लावला नव्हता. काही मिनिटं चाललं आणि आपोआप थांबलं. पोटातली वीज कमी झाली की ती स्वतःच उठणार, भरून घेणार, परत गप्प. टाकीत पेट्रोल होतं तोवर तिला कुणाची गरज नव्हती.

काकू गॅसवर चहा ठेवायला गेल्या. मी साहेबांच्या खाटेशी गेलो.

"साहेब, काकू ब्रेक न दाबताच—"

"माहीत आहे."

"कधीपासनं?"

"पहिल्या… दिवसापासून." त्यांनी खिडकीकडं बोट केलं. "ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागतो. गाडीची पाठ इकडं होती. एकदाही… लागला नाही."

मला राग आवरेना. "आणि तुम्ही बोलला नाही? दुसऱ्याच्या तारेवरचा आकडा तुम्हाला लांबनं दिसायचा साहेब. स्वतःच्या दारातलं दिसत असून गप्प बसला? आज जीव गेला असता तुमचा!"

ते रागावले नाहीत. बोट मशीनकडं केलं. "ऐक."

मी ऐकलं. घरघर, फुस्स. घरघर, फुस्स. मी खाटेशी येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती आणि माझ्या दातांत तो आवाज शिरला होता.

"चोवीस तास," साहेब म्हणाले. एकेक शब्द वेगळा काढून. "पाच महिने. ती इथंच, खाली झोपते. आवाज थांबला तर मी गेलो, म्हणून… आवाजाकडं कान ठेवून झोपते."

खाटेशेजारी तिची चटई गुंडाळून ठेवलेली होती.

"गाडीत काचा वर करते. पहिल्या दिवशी डोकं मागं टेकलं. झोपली. दहा मिनिटं… पूर्ण." त्यांनी श्वास गोळा केला. "ब्रेक दाबायला शिकवलं असतं तर इंजिन लागलं असतं. तिच्या कानाशी. मग ती दहा मिनिटंही… गेली असती."

"बॅटरी मरणार हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"पंधरा दिवस. हिशेब केला होता. मेली की तुला बोलावणार होतो, नवी घालायला. परत पंधरा दिवस." त्यांचे ओठ वाकडे झाले, हसायला निघाल्यासारखे. "वादळ… हिशेबात नव्हतं."

कायदा सगळ्यांना एकच आहे म्हणणारा हा माणूस. लांबवरून दिसणारी एक न लागलेली लाल बत्ती त्यानं पंधरा दिवस मोजली होती, आणि एकदाही तोंड उघडलं नव्हतं. मी त्याच्याकडं बघत राहिलो. धरणासमोर उभं राहून माणूस बघतो तसा.

काकू चहा घेऊन आल्या. माझ्या हातात कप दिला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"बिरू, तू मघाशी ब्रेक म्हणालास. माझं काही चुकत होतं का रे? माझ्यामुळं तर नाही ना झालं हे?"



साहेब माझ्याकडं बघत होते. या माणसासमोर खोटं बोलायला अख्खा तालुका घाबरायचा.

"तुमचं काय चुकतंय, काकू," मी म्हणालो. "जुन्या बॅटरीला ब्रेक लागत न्हाई. ती वय झालं म्हणून गेली. आता सांगलीहून नवी येईल, त्या नव्या मेकला ब्रेक दाबावा लागतो. म्हणून विचारलं."

"असं असतं?" काकूंनी साहेबांना विचारलं.

घरघर, फुस्स. साहेबांनी डोळे मिटले, उघडले.

"असतं," ते म्हणाले.

"मग मी रोज ब्रेक दाबीन."

"रोज नको!" मी जरा जोरातच बोललो. "आठवड्यातनं एकदा मी येऊन चालू करीन. तुम्ही बटणाला हात लावायचा न्हाई. रोज नुसतं दहा मिनिटं बसायचं. काचा वर करून."

"नुसतं बसून गाडीला काय होतं?"

मी चहाच्या कपात बघितलं. मग खाटेवरून आवाज आला, दम साठवून काढलेला.

"सीट… कडक होत नाही."

काकूंनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बरं," म्हणाल्या आणि पदरानं साहेबांचं तोंड पुसलं.

वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी गाडीच्या काचा वर केल्या, दार लावलं आणि माझी बॅटरी काढून व्हॅनला लावली. पाचव्या दिवशी सांगलीहून त्या गाडीची बॅटरी आली, पाइपवाली. मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून मी बंगल्यावर गेलो.

फाटकाशी मोटरसायकल बंद करून थांबलो. गाडी पोर्चमध्ये तशीच, तोंड खिडकीकडं करून. आत बॅटरी नाही, म्हणजे नुसता पत्रा. स्टिअरिंगमागं काकू बसलेल्या. डोकं मागं टेकलेलं, तोंड थोडं उघडं, गाढ झोपलेल्या. खिडकीत साहेब. आता त्यांना तिची पाठ नाही, चेहरा दिसत होता.

मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी मोटरसायकल चालू केली नाही. वळवली, आणि बॅटरी टाकीवर तशीच धरून, ढकलत ढकलत फाट्यापर्यंत नेली.